डेड काउंटीचा भाषाविषयक ठराव

राज्यकारभाराची भाषा कोणती असावी हा प्रश्न आपणांस नवा नाही. परंतु आज ज्या हकिकतीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. आणि तीही वॉशिंग्टन येथील मोठ्या सरकारची नव्हे, तर फ्लॉरिडा संस्थानातील एका काउंटीची. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. रस्ते, पाणी, इस्पितळे, आगीचे बंब असा रोजच्या गरजेचा कारभार तिच्याकडे असतो. अशा स्थानिक सरकारांनी इंग्रजी हीच आपली अधिकृत भाषा ठरवावी काय, हा वाद त्या देशात चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. उभयपक्षी तत्त्वज्ञान पुष्कळ सांगण्यात येते. ते क्षणभर बाजूस ठेवून, एके ठिकाणी प्रत्यक्ष काय घडले ते पाहिलेले बरे.

वादाचे मूळ जुनेच आहे. पेनसिल्व्हेनियात येऊन राहिलेले जर्मन लोक इंग्रजी आत्मसात करीत नाहीत, अशी कुरकुर बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ साली केली होती. आणि त्याच गृहस्थाने १७३२ साली त्या लोकांसाठी जर्मन वर्तमानपत्र काढून पाहिले होते! पहिल्या महायुद्धाच्या द्वेषात नेब्रास्का संस्थानाने १९१९ साली असा कायदा केला की, आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वी शाळेत कोणासही परभाषा शिकवू नये. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचावयास शिकविले म्हणून त्यास २५ डॉलर दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. माझे आयुष्य खडूफळ्याच्या सान्निध्यात गेल्यामुळे असेल, पण हा मेयर मास्तर मला अगदी शेजारचा वाटतो.

आता डेड काउंटीकडे वळू. मायामी शहर हे तिचे मुख्य ठिकाण. १९५९ साली क्यूबात क्रांती झाली आणि तेथून पळालेली कुटुंबे समुद्र ओलांडून मायामीस येऊ लागली. त्यांत वैद्य, वकील, व्यापारी असे शिकलेले लोक बरेच होते. १९६३ साली तेथील कोरल वे शाळेत इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांतून मुलांना शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि १९७३ साली काउंटीच्या मंडळाने आपला विभाग द्विभाषिक व द्विसांस्कृतिक असल्याचे जाहीर केले. त्यानंतर १९८० साल उजाडले. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे लहानमोठ्या होड्यांतून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास लागली. जुन्या रहिवाशांस आपण आपल्याच गावात परके झालो असे वाटू लागले. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या कचेरीत आपला बाप आपल्या भाषेत बोलून काम करून आला, तेथे आपले बोलणे कळेनासे झाले म्हणजे मनुष्य दुखावतोच.

या दुखावलेल्या मनांनी मतदारांपुढे एक ठराव आणला. ४ नोव्हेंबर १९८० रोजी तो शेकडा सुमारे ५९ मतांनी संमत झाला. त्याचा आशय असा की, इंग्रजीवाचून अन्य भाषेच्या वापरासाठी, अथवा अमेरिकेच्या संस्कृतीवाचून अन्य संस्कृतीच्या प्रसारासाठी, काउंटीचा पैसा खर्च होता कामा नये; सभा, सुनावण्या व प्रकाशने इंग्रजीतूनच व्हावीत.

ठराव करणे सोपे गेले, तो पाळणे मात्र अवघड होऊन बसले. तुफानाची सूचना इंग्रजी न समजणाऱ्या म्हातारीस कशी द्यावयाची? रुग्णाच्या पोटात कोठे दुखते हे त्यास कोणत्या भाषेत विचारावयाचे? अखेर १९८४ साली मंडळाला त्यास अपवाद जोडावे लागले. वैद्यकीय सेवा, पोलीस, अग्निशमन, तुफानाची पूर्वतयारी, वृद्ध व अपंगांची सेवा ही त्यांतून वगळली. आणि पर्यटनही वगळले! म्हणजे पैसा घेऊन येणाऱ्या पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलावयास मुभा, परंतु घरपट्टी भरणाऱ्या रहिवाशास तीच घरपट्टी समजावून सांगावयास मनाई. पुढे २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू नावाचे भयंकर तुफान याच काउंटीवर कोसळले. त्या वेळी ठराव अमलात होता. आठ वर्षांपूर्वी तो अपवाद जोडला नसता, तर त्या पहाटे अधिकाऱ्यांनी कायदा पाळावयाचा होता की माणसे वाचवावयाची होती?

ठरावाने लोक इंग्रजी शिकतील, असे त्याचे कैवारी म्हणत. मी अनेक वर्षे मुलांस भाषा शिकविली; दंडाच्या भयाने शब्द पाठ होतात, भाषा येत नाही, हा माझा अनुभव. परंतु माझ्या अनुभवावर विसंबण्याचे कारण नाही. अलेहांद्रो पोर्टेस व रुबेन रुम्बाउट या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ पासून मायामी व सॅन दिएगो या भागांतील परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या पाच हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. बहुसंख्य मुलांस इंग्रजी उत्तम येत होती आणि तीच बोलणे त्यांस अधिक आवडत होते. धोका उलट बाजूस होता, तो असा की घरची भाषाच त्यांच्या तोंडून निसटू लागली होती.

दुसऱ्या पक्षाचे एक म्हणणे मात्र मला ग्राह्य वाटते. दप्तराची भाषा एक असावी. सभेचे इतिवृत्त, जमिनीचा दस्तऐवज यांचे दोन भाषांत दोन अर्थ निघू लागले तर तंटे वाढतील. पण नोंद ठेवण्याची भाषा निराळी आणि लोकांस कळविण्याची भाषा निराळी. आपल्याकडे अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू अक्षरे होती, त्यावरून दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, मराठी असताना तिच्या जोडीस उर्दू लिहिण्यास कायद्याचा अडथळा नाही. मराठीचा मान त्यामुळे तसूभरही उणा झाला, असे मला वाटत नाही.

डेड काउंटीत पुढे न्यायालयाच्या निर्णयाने प्रभागवार निवडणुका झाल्या, मंडळात निरनिराळ्या समाजांचे प्रतिनिधी आले, आणि मे १९९३ मध्ये त्यांनी तो ठराव एकमताने रद्द केला. मौज अशी की, फ्लॉरिडा संस्थानाच्या घटनेत मतदारांनी १९८८ साली सुमारे ८४ टक्के मतांनी घातलेले इंग्रजीविषयक कलम तसेच राहिले. राज्याने इंग्रजीस मान दिला, काउंटीने लोकांशी बोलावयाची मोकळीक घेतली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. टेनेसी संस्थानातही इंग्रजी १९८४ पासून अधिकृत आहे. तरी तेथील नॅशव्हिल शहरात सरकारी कामकाज इंग्रजीतूनच चालावे असा प्रस्ताव २२ जानेवारी २००९ रोजी मतास आला, तेव्हा शेकडा सुमारे ५७ मतदारांनी तो फेटाळला.

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढून इंग्रजी ही सबंध देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर केली. डेड काउंटीचे नाव १९९७ सालापासून मायामी-डेड असे झाले असून, तेथील मतपत्रिका इंग्रजी, स्पॅनिश व हैतियन क्रेओल अशा तीन भाषांत छापली जाते.