‘तू’चे दोन रस्ते

गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन भगवंताची क्षमा मागतो. कशाबद्दल? तर बोलण्याबद्दल. तुझा महिमा न जाणता मी तुला नुसत्या नावाने, गडी म्हणून हाक मारली, जेवता-बसता थट्टा केली, ते पोटात घाल, असे तो विनवतो. भगवंत पुन्हा सौम्य मनुष्यरूप घेतात, तेव्हा कुठे त्याचा जीव थाऱ्यावर येतो. मोठ्याशी कसे बोलावे, हा प्रश्न इतका जुना आहे. आपल्या संतांनी त्याचे काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानोबारायांनी नेवाशाला गीतार्थ मराठीत सांगितला. शास्त्र संस्कृतात आणि मराठी घरात-बाजारात, ही वाटणी त्यांनी मोडली. पण मराठी म्हणून बोलणे सैल केले नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात, तिथे लेकराची सलगी आहे आणि संतसभेचा आदरही आहे. सलगी आणि आदर एका ताटात जेवू शकतात, हे माउलींनी दाखवले.

पैठणचे नाथमहाराज सोळाव्या शतकातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावर अधिकारी. दप्तराची मराठी तेव्हा फारशी शब्दांनी भरलेली होती. हिशेबातली एक पैची चूक शोधायला नाथांनी रात्र जागवल्याची कथा आपण ऐकतोच. म्हणजे ही दरबारी भाषा त्यांच्या हातातली. तिच्यात त्यांनी ‘अर्जदस्त’ लिहिली. शरीर हा परगणा, जीव हा सरकारी चाकर. दंभ, काम, क्रोध हे गावचे माजलेले वतनदार. आणि चाकर धन्याकडे त्यांची तक्रार गुदरतो. ज्या भाषेला रयत भीत असे, तीच नाथांनी परमार्थाच्या कामाला लावली.

त्याच नाथांनी ‘जोहार’ लिहिले. जोहार म्हणजे महाराने वरच्याला करायचा मुजरा. गावात कोणी कोणापुढे वाकायचे, ते त्या एका शब्दात ठरलेले असे. नाथांच्या जोहारात मात्र वाकणाराच ज्ञान सांगतो आणि वरचा ऐकतो. तरी शब्दातली गुलामी गावात उरलीच. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत त्या समाजाने जोहार टाकला आणि ‘जय भीम’ म्हटले. ते योग्यच झाले.

आता मुद्द्याचे. मराठीत ‘तू’चे दोन रस्ते आहेत. एक खाली उतरतो: मालक गड्याला, सवर्ण अस्पृश्याला ‘अरे-तुरे’ करी, उलट बोलायची सोय नसे. दुसरा आत जातो: लेकरू आईला ‘तू’ म्हणते. पंढरीच्या वाटेवर संतांनी हा दुसरा रस्ता मोकळा केला. नामदेवराय देवाशी भांडले, जनाबाईने तर त्याला घरच्या पोरासारखे खडसावले. अर्जुन ज्या सलगीला भ्याला, तीच जनाबाईचा हक्क झाली.

आणि देवाला ‘तू’ म्हणणाऱ्यांनी माणसाला काय म्हटले? ‘माउली’! दिंडीत पाटील असो, मजूर असो, पाणी वाढणारी बाई असो, हाक एकच. जो भेटेल त्याच्या पायाला हात लावायचा, त्यानेही आपल्या पायाला लावायचा. इथे मान चढत-उतरत नाही, फिरत राहतो.

दिंडीत हे सहज साधते, कारण तिथे सगळेच माउली म्हणतात. खरी परीक्षा काला झाल्यावर, गावी परतल्यावर असते. तिथे शेतावर गडी असतो, दारात कचरा नेणारा येतो, सून पाणी आणून देते. बोलणे तोलून-मापून औपचारिक करा, असे कोणी म्हणत नाही. घरात ‘तुम्ही’ फार झाले की परकेपणा येतो. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो, त्याने आपल्याला ‘तू’ म्हटले तर राग येतो का, एवढे मनाशी विचारावे. येत असेल, तर आपला ‘तू’ खालच्या रस्त्याचा आहे. तो बदलायला पुढच्या आषाढीची वाट पाहायला नको.

रामकृष्ण हरी!