व्हीलॅन गाळणी, नेटवर्क कार्डातील

व्हीलॅन गाळणी : इथरनेट कार्डातील एक सोय. येणाऱ्या फ्रेमवरचा व्हीलॅन क्रमांक पाहून ती संगणकाच्या मेमरीत उतरवायची की दारातूनच परत लावायची, हे कार्ड स्वतः ठरवते आणि प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. कोणते क्रमांक आत घ्यायचे, हे मात्र कार्डाला ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर सांगतो. या क्रमांकांचा तक्ता छोटा, काम सोपे. तरी या विषयातले बहुतेक घोटाळे कार्डात नसतात, ड्रायव्हरने त्या तक्त्याची निगा कशी राखली यात असतात.

व्हीलॅनची, म्हणजे एका केबलवरून अनेक वेगवेगळी नेटवर्क चालवण्याची, कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी मांडली. आयईईई ८०२.१क्यू हे मानक १९९८ मध्ये आले आणि कंपन्यांचे आपापले टॅग मागे पडले. या मानकानुसार पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर फ्रेममध्ये चार बाइटांचा टॅग घुसवला जातो. पहिल्या दोन बाइटांत ८१०० ही हेक्स खूण असते. उरलेल्या सोळा बिटांपैकी तीन अग्रक्रमासाठी, एक इतर खुणेसाठी आणि बारा क्रमांकासाठी. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात. त्यांतला ० आणि ४०९५ राखीव असल्याने वापरायला ४०९४ उरतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली.

ग्रामीण भागात हा टॅग फायबरबरोबर येतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत जीपॉन पद्धतीचे फायबर नेले गेले. या पद्धतीत इंटरनेट, फोन, टीव्ही अशा सेवा वेगळ्या ठेवायला सर्रास व्हीलॅन क्रमांकच वापरतात. समजा, शहापूरजवळच्या आसनगावातल्या एखाद्या शाळेने जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स चढवून त्याचा राउटर केला. स्विचकडून एकच ट्रंक केबल येते : कार्यालय १०, संगणक कक्ष २०, सीसीटीव्ही ३०. राउटरला पहिले दोनच हवे आहेत. कॅमेऱ्यांचे चित्रण थेट रेकॉर्डरकडे जाते, ते राउटरपर्यंत येतच नाही. पण ३० वरचे ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेम, ट्रंकवरून येत राहतात आणि दर वेळी प्रोसेसरला दचकवतात. गाळणी असेल तर ते कार्डातच संपतात. गाळणीचा खरा फायदा एवढाच, ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टपुरता. दुसऱ्याच्या पत्त्यावरची साधी फ्रेम कार्ड एरवीही टाकून देते. छोट्या नेटवर्कात म्हणूनच गाळणी असली काय नि नसली काय, फरक जाणवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या रिअलटेक चिपच्या स्वस्त कार्डांना लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये टॅग काढण्या-लावण्याची सोय आहे, गाळणी नाही. तिच्यावाचून कुणाचे अडलेले नाही.

तक्त्याची रचना : इंटेलच्या गिगाबिट कार्डांतली रचना सर्वांत सरळ आहे. ३२ बिटांची १२८ रजिस्टरे, म्हणजे बरोबर ४०९६ बिट, प्रत्येक क्रमांकाला एक. क्रमांकाला ३२ ने भागायचे. भागाकार म्हणजे रजिस्टर, बाकी म्हणजे बिट. व्हीलॅन ३१० साठी नवव्या रजिस्टरातला बाविसावा बिट, मोजणी शून्यापासून. तो बिट १ केला की ३१० ला वाट मिळाली. याखेरीज गाळणी चालू-बंद करणारा एक बिट असतो आणि टॅग काढून टाकण्याचा वेगळा. टॅग काढणे आणि फ्रेम गाळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नवखे लोक इथे हमखास गल्लत करतात.

सगळीच कार्डे इतकी सढळ नसतात. इंटेलच्या ८२५९९ या दहा गिगाबिट कार्डात आभासी यंत्रांमध्ये वाटून द्यायच्या व्हीलॅनच्या नोंदी ६४ च आहेत. काही चिपांत पूर्ण तक्ता नसतोच. क्रमांकाचा हॅश काढून सोळा बिटांच्या तक्त्यात पाहिले जाते. अशा गाळणीतून नको असलेली फ्रेमही निसटते, म्हणून सॉफ्टवेअरला पुन्हा तपासावे लागते.

ड्रायव्हरचे काम : लिनक्समध्ये व्हीलॅनची सोय २.४ मालिकेत, २००१ मध्ये आली. ज्या ड्रायव्हरला गाळणी येते तो तसे निशाण लावून जाहीर करतो आणि क्रमांक जोडण्याचे व काढण्याचे अशी दोन फंक्शने देतो. नवीन व्हीलॅन इंटरफेस तयार झाला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पहिले फंक्शन हाकारतो. फ्रीबीएसडीत हेच काम व्हीलॅन जोडल्याची आणि तोडल्याची घटना ऐकणाऱ्या हँडलरकडे असते. आभासी यंत्रांसाठीच्या व्हर्टिओ कार्डात तर तक्ता यजमान संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो आणि पाहुणा, म्हणजे आभासी यंत्र, ‘जोड’, ‘काढ’ असे दोनच हुकूम पाठवतो.

इथवर सोपे. अडचण पुढे आहे. कार्ड रीसेट झाले की इंटेलचा ड्रायव्हर तक्ता पुसून कोरा करतो, आणि रीसेट काही वर्षातून एकदा होत नाही. एमटीयू (फ्रेममधल्या मजकुराची कमाल लांबी) बदलला, कार्ड अडकले म्हणून कर्नलने हलवले, लॅपटॉप झोपेतून उठला, की रीसेट. म्हणून ड्रायव्हरने चालू क्रमांकांची स्वतःची प्रत मेमरीत ठेवायची आणि दर रीसेटनंतर ती तक्त्यात परत लिहायची. ही प्रत विसरणारा ड्रायव्हर एरवी झकास चालतो आणि एखाद्या रात्री एमटीयू बदलल्यावर अर्धे नेटवर्क गायब करतो. लॉगमध्ये चकार शब्द नाही, कारण कार्डाच्या मते त्याने फ्रेम नियमानुसारच टाकल्या. फ्रीबीएसडीच्या जुन्या इंटेल ड्रायव्हरमध्ये उलटी तऱ्हा होती : नवा क्रमांक आला की तो सगळे कार्डच नव्याने सुरू करत असे, म्हणजे एका व्हीलॅनसाठी बाकीच्यांचा क्षणभर खोळंबा.

क्रमांक ० ची भानगड निराळी. ० चा टॅग म्हणजे व्हीलॅन नव्हेच, फक्त अग्रक्रम. गाळणी आंधळेपणाने लावली तर अशा फ्रेम वाया जातात. म्हणून लिनक्स इंटरफेस वर येतानाच ० ला तक्त्यात बसवतो. सर्व्हर सुरू होताना ‘ॲडिंग व्हीलॅन ० टू एचडब्ल्यू फिल्टर’ अशी ओळ पडद्यावरून जाते. ती पाहून दचकणारे पुष्कळ भेटतात. तिच्यात बिघाड काहीच नाही.

आभासी यंत्रे चालवणाऱ्याला गाळणी वेगळ्या तऱ्हेने छळते. पाहुणा स्वतःच टॅग लावत असेल तर काही मांडण्यांत यजमानाच्या ड्रायव्हरला तो क्रमांक कुणी सांगितलेलाच नसतो, आणि पाहुण्यापर्यंत फ्रेम पोचतच नाही. तपासायला टीसीपीडंप हा फ्रेम टिपणारा प्रोग्रॅम लावावा तर सगळे सुरळीत चालते. बंद केला की पुन्हा ठप्प. कारण सरळ आहे. टीसीपीडंप कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये नेतो, आणि त्या मोडमध्ये सगळे दिसावे म्हणून इंटेलचा ड्रायव्हर गाळणी उघडतो. हे लक्षण दिसले की आधी गाळणीकडे पाहावे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, तक्ता भरला किंवा स्थितीची खात्री नसली, तर ड्रायव्हरने गाळणी उघडी ठेवावी. जास्तीच्या फ्रेम आल्या तर प्रोसेसर थोडा राबेल. हव्या त्या गाळल्या तर माणसे रात्र जागवतील. वेगासाठी ठेवलेल्या सोयीला सुरक्षेची भिंत समजणेही चूकच. कोणत्या पोर्टवर कोणता क्रमांक सोडायचा, हे स्विचने ठरवायचे असते.

लिनक्सवर इथटूल या आज्ञेला लहान ‘के’ जोडला की कार्डाच्या सोयींची यादी दिसते आणि मोठ्या ‘के’ने ती बदलता येते. यादीत ‘आरएक्स-व्हीलॅन-फिल्टर’ या ओळीपुढे ‘ऑफ’ आणि ‘फिक्स्ड’ असे दोन्ही छापलेले असेल, तर त्या ड्रायव्हरपाशी गाळणी नाही.