उष्णतेची वाट

मोटारीचें इंजिन वारंवार तापूं लागलें, कीं पहिला संशय पाण्यावर जातो. १८८८ सालीं बेर्टा बेंझ पतीनें घडविलेल्या गाडींतून मानहाइमहून फोर्त्झहाइमला गेल्या, तेव्हां वाटेंत ठिकठिकाणीं पाणी भरावें लागलें; कारण तें वाफ होऊन उडून जाई. पाणी अधिक बाळगावें, तर ओझें वाढे. विल्हेल्म मायबाख यांनीं खरा दोष ओळखला : उणीव पाण्याची नव्हती, उष्णतेस बाहेर पडावयाची वाट अपुरी होती. १९०० सालीं तयार झालेल्या मर्सिडीज गाडीस त्यांनीं ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. नळ्यांतून वारा वाहे, भोंवतीं पाणी खेळे. पूर्वीच्या निम्मेंच, म्हणजे ९ लिटर पाणी पुरूं लागलें. म्हणून इंजिन तापल्यास नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. उष्णतेची वाट कोठें अडली, तें आधीं शोधावें लागतें.