नेसलेली आणि घातलेली

तालुक्याच्या गावातल्या मंगळागौरीच्या ग्रुपची कुळकथा पूजेपासून सुरू करायचा मोह होतो. श्रावणातले मंगळवार, लग्नानंतरची पाच वर्षं, सोळा प्रकारची पत्री, वसोळ्यांचं मुक्याने जेवण आणि त्याची भरपाई म्हणून की काय, रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा. पण हे झालं खेळांचं कूळ. एकसारख्या नऊवारीत, नथ घालून, सुपारी घेऊन गाणाऱ्या-नाचणाऱ्या ग्रुपचं कूळ निराळं आहे आणि माझ्या मते ते देव्हाऱ्यापेक्षा शिंप्याच्या दुकानात लवकर सापडतं.

पुरावा भाषेतच आहे. आजी नऊवारी नेसायची. ग्रुपमधली बाई ती ‘घालते’. काष्टा आधीच शिवलेला, निऱ्या टाचलेल्या, कमरेला नाडी. पायजम्यासारखी चढवली की झालं. नऊवारी रोजची होती तोवर तिला वेश कोण म्हणणार? तिच्यात पाय मोकळे राहायचे, म्हणून उकिडवं बसून उड्या मारत कोंबडा घालता यायचा. घरोघरी गोल साडी आली आणि खेळाची नि कपड्याची फारकत झाली. मग नऊवारीच अप्रूपाची झाली, आणि अप्रूप बघायला माणसं जमतात. पूर्वी बघणारं असं वेगळं कुणी नसे. जी दमली ती भिंतीला टेकून बघायची. कुणी म्हणेल, पाय मोकळेच हवेत तर पंजाबी ड्रेस काय वाईट? वाईट नाहीच. तालीम ओढणी कमरेला बांधून पंजाबी ड्रेसवरच होते. म्हणजे कार्यक्रमातली नऊवारी खेळणारीसाठी नाही, बघणाऱ्यासाठी आहे. शालू आणि नथ पूर्वीही होती, हेही खरं; पण जिची तिची. सगळ्यांचे काठ सारखे असावेत, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

यापेक्षा वजनदार आक्षेप लग्नाच्या वयाचा. 1929च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवलं, 1978 साली ते 18 झालं. त्याआधीची नवी नवरी म्हणजे खेळायच्याच वयाची पोर. आजच्या नवरीला बुधवारी सकाळी ऑफिस गाठायचं असतं. जागरण कार्यालयातल्या दोन-तीन तासांवर का आलं, हे त्यावरून कळतं. पण तिच्या वतीने खेळायला तिच्या आईच्या वयाच्या बायका का येतात, आणि त्याही नऊवारीतच का, हे कळत नाही. या पिढीने नऊवारी आजीच्या अंगावर पाहिली, स्वतः मात्र रोज नेसली नाही. वेश व्हायला एवढंच अंतर लागतं; फार लांबचा कपडा सोंग होतो.

गळ्याचंही तेच झालं. फुगडीत फिरणारीच गायची, ताल टाळ्यांचा, पायांचा आणि तोंडाने घातलेल्या पकव्याचा; धाप लागली की गाणंही धापा टाकायचं. आता बऱ्याच ग्रुपांत दोघी-तिघी माइकपाशी बसून गातात, सोबतीला पेटी-ढोलकी असते, आणि रिंगणातल्या बायका नुसते ओठ हलवतात.