वीस रुपये आणि बोटीवरचा शिधा

दादाभाई नौरोजींनी 1876 साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध मुंबईत वाचला, तेव्हा त्यातले बहुतेक आकडे सरकारच्याच अहवालांतले होते. पीकपाणी, बाजारभाव, सारा यांचे तक्ते छापले जात आणि दप्तरात पडून राहत. त्या तक्त्यांत रयतेचे जगणे वाचता येते, हे दादाभाईंनी दाखवले. त्यासाठी त्यांनी शब्दांचा फुलोरा केला नाही. एका आकड्याशेजारी दुसरा नेमका आकडा आणून ठेवला. आपल्याकडे आकडेवारीला वाचा फोडणारी याहून मोठी कल्पकता मला दिसत नाही.

आधी त्यांनी सरासरीचा घोळ निस्तरला. सरकारी तक्त्यांत जिल्ह्यांच्या एकरी उत्पन्नांची बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात लागवड किती, हे पाहतच नसत. दादाभाईंनी क्षेत्र हिशेबात धरले. 1867-68 सालचे ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न सुमारे 340 कोटी रुपये, लोकसंख्या 17 कोटी. म्हणजे माणशी वर्षाला 20 रुपये. हा आकडा एकटाच राहिला असता, तर त्यावरून कुणाला काहीच उमगले नसते. दादाभाईंनी त्याच्या शेजारी शिधा मांडला. परमुलखात मजुरीला निघालेल्या कुलींना बोटीवर जगण्यापुरते काय लागते, याचे प्रमाण सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवून दिले होते: तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. प्रांतोप्रांतीच्या भावाने त्याची वर्षाची किंमत 16 ते 35 रुपये निघाली. तुरुंगातल्या कैद्यांवरचा खर्चही त्यांनी जोडीला दिला.

यावर एक रास्त शंका येते. जिथे 16 रुपयांत भागते, तिथे 20 पुरेसे नाहीत का? नाहीत. तो शिधा बोटीवर नुसत्या बसून असलेल्या माणसाचा आहे. नांगर धरणाऱ्याला त्याहून जास्त लागते. कपडा, छप्पर, औषध, लग्नकार्य त्यात धरलेलेच नाही. शिवाय 20 ही सरासरी. त्यात सावकार आला, व्यापारी आला, मोठ्या पगाराचा गोरा अधिकारीही आला. त्यांचा वाटा वजा केला की कुणब्याच्या हाती किती कमी उरत असेल! इंडिया ऑफिसातल्या डॅन्व्हर्स यांचा आक्षेप वेगळा होता: उत्पन्नाच्या काही बाबी सुटल्या आहेत. अंदाज ढोबळ होता, हे मान्य केले पाहिजे. पण 1882 साली सरकारी अंदाज 27 रुपयांवर थांबला आणि 1901 साली लॉर्ड कर्झन 30 रुपये म्हणाले. आकडा थोडा चढला, तरी वाद माणशी उत्पन्नाच्याच मैदानावर राहिला, आणि ते मैदान दादाभाईंनी आखलेले होते.

हे हिशेब इंग्रजीत होते, म्हणून सामान्य वाचकापासून दूर होते. ते अंतर तोडण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. बंगालमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबातले सखाराम गणेश देऊस्कर यांनी 1904 साली ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक लिहून देशाच्या लुटीचा हा हिशेब घरोघरी पोहोचवला. 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली.