उस्मानियाचा मागचा बाक

उस्मानिया विद्यापीठाचे नाव निघाले की आपल्या समाजात मान ताठ होते. व्हावीच. 1917 मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले आणि 1918 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी ही सक्तीची भाषा ठेवून बाकी उच्च शिक्षण उर्दूतून, अगदी पुढे वैद्यकही. पुस्तके नव्हती, म्हणून दारुत्तर्जुमा उभारले. मौलवी अब्दुल हक यांनी ते सांभाळले, जोश मलिहाबादींनी तिथे नोकरी केली. परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांनी पुस्तकच लिहिले. ज्याच्या घरी उर्दू होती, त्याला शंका विचारण्याआधी मनात भाषांतर करावे लागत नव्हते. केवढी मोठी गोष्ट!

पण त्याच वर्गात मागे कोण बसला होता?

निजामाच्या राज्यात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी. उर्दू ही मादरी जबान असणारे दहातले एखादे. राजभाषा उर्दू असल्याने काही हिंदू घराण्यांत ती मुरलेली होती, हे खरे. पण परभणी-बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाचे काय? आणि केवळ हिंदूंचेच कशाला, खेड्यातल्या मुसलमान मुलाची दखनीही त्या ग्रांथिक उर्दूपासून दूरच होती. शिकवणारे कोणी हापूडचे, कोणी पानिपतचे. त्यांच्यासमोर 'मेरेकू' म्हणायची हिंमत किती जणांना झाली असेल?

1938 च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' गाण्यावरून वाद पेटला आणि हैदराबादपर्यंत गेला. त्या गीताबद्दलचे आपले आक्षेप जगजाहीर आहेत, ते क्षणभर बाजूला ठेवू. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव होते. हा इतिहास आपण सांगताना सहसा गाळतो. मला ते बरोबर वाटत नाही.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर माध्यम इंग्रजी झाले आणि बाक बदलले. काल पुढे बसून उत्तरे देणारा आता गप्प झाला.

ती गप्प मी ओळखतो. बी.एड.ला गणित-अध्यापनाच्या तासाला सरांनी मला सोपाच प्रश्न विचारला होता. ओठांवर 'मुसल्लस' आले, 'त्रिकोण' काही आले नाही. उत्तर येत असून खाली बसलो. सरांनी वहीत काय टिपले कोण जाणे.

आज माझ्या उर्दू शाळेत घरी निव्वळ मराठी बोलणारी मुले येतात. त्यांतली एक मुलगी फळ्यावर गणित अचूक सोडवते, पण रीत विचारली की मान खाली. परवा तिला म्हटले, "बेटा, मराठीत सांग." मागून कोणीतरी हसले. तिने शेवटपर्यंत सांगितली.