पहिला सायलेन्सर छोटा घ्यावा की मोठा? अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांचा हा वाद नेमका काय आहे?

सिनेमातला हिरो बंदुकीच्या नळीवर एक डबा फिरवून बसवतो, 'फुस्स' असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. हे सीन बघून आपली समजूत झालीये की सायलेन्सर लावला म्हणजे बंदूक मुकी झाली.

तसं काही नसतं. एआर-15 सारख्या रायफलीचा आवाज साधारण 165 डेसिबल असतो. सायलेन्सर त्यातले 20 ते 35 डेसिबल कमी करतो. म्हणजे चांगला सायलेन्सर लावूनही आवाज 130 च्या पुढेच राहतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे फटाक्यांसाठी कायद्याची मर्यादा चार मीटरवरून 145 डेसिबल अशी आहे. मोजण्याचं अंतर वेगळं आहे, पण गोष्ट फटाक्याच्याच घरातली आहे, कुजबुजीच्या नाही.

मग लोक हा डबा घेतात कशाला? उत्तर आहे कान. एका क्षणाचा आवाज 140 डेसिबलच्या वर गेला की कानाच्या आतल्या बारीक पेशींना इजा होण्याचा धोका असतो. या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि मग कानात कायमची शिट्टी वाजत राहते. छोटा की मोठा हा सगळा वाद या 140 च्या रेषेभोवती फिरतो.

सायलेन्सरचा शोध लावला हायरम पर्सी मॅक्झिम यांनी, पेटंट 1909 चं. गंमत म्हणजे मॅक्झिम मशीनगन बनवणारे हायरम मॅक्झिम हे त्यांचे वडील, आणि बंदुकांच्या आवाजाने त्या वडिलांचे कान पार गेले होते. तत्त्व बुलेट गाडीच्या सायलेन्सरसारखंच आहे. गोळीमागून तापलेला गॅस प्रचंड दाबाने एकदम बाहेर पडतो, म्हणून धमाका होतो. सायलेन्सरच्या आत बॅफल नावाचे आडपडदे असतात. गॅस त्यांच्यात अडकतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि मग सावकाश बाहेर येतो. आवाजाने वेगाची मर्यादा ओलांडलेली गोळी हवेत जो 'चटाक' आवाज करते, तो मात्र कुठलाच सायलेन्सर थांबवू शकत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. गॅसला जितकी जास्त जागा, तितका आवाज कमी. फुल लेंथ सायलेन्सर साधारण 7 ते 9 इंचांचा असतो, वजन बरेचदा अर्ध्या किलोच्या आसपास. कंपॅक्ट साधारण 5 ते 6 इंचांचा आणि बराच हलका. दोघांत फरक पडतो तो साधारण पाच-सात डेसिबलचा. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण डेसिबलचं गणित सरळ नाही, दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. जोरदार काडतुसाच्या रायफलीवर मोठा डबा 140 च्या खाली आणतो आणि छोटा रेषेवरच लटकतो, असं सहज होऊ शकतं. त्यात नळी आखूड असेल तर गॅस आणखी दाबाने बाहेर येतो आणि छोट्या डब्याची आणखी दमछाक होते. किती आखूड नळीवर आपला सायलेन्सर चालेल हे कंपन्या सांगतात. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग कंपॅक्ट कोण घेतं? दिवसभर झाडाझुडपांतून चालणारा आणि दोन-तीनच गोळ्या झाडणारा शिकारी. 16 इंचांच्या नळीवर 8 इंचांचा डबा लावला की बंदूक काठीसारखी लांब होते, फांद्यांत अडकते आणि पुढच्या बाजूला जड होते. त्याच्यासाठी 5 इंचांचा हलका टायटॅनियम डबा शहाणपणाचा. मात्र टायटॅनियम भराभर गोळीबारात लवकर तापतं, तिथे स्टील बरं. आणि .22 सारख्या छोट्या काडतुसाला मुळात गॅसच कमी, तिथे कंपॅक्ट पुरून उरतो.

पण रेंजवर बसून दिवसाला शे-दोनशे गोळ्या झाडणाऱ्याने पहिला सायलेन्सर मोठाच घ्यावा, असं माझं मत. तोही .30 कॅलिबरचा, म्हणजे लहान गोळीच्या .223 रायफलीवरही तो चालतो. थोडा आवाज जास्त येतो, पण एकात दोन कामं होतात. मध्यम मार्ग हवा असेल तर पुढचा तुकडा काढता येणारे मॉड्युलर सायलेन्सरही मिळतात. आणि काहीही घेतलं तरी कानांवर मफ ठेवायचेच.

पहिल्या खरेदीचा इतका विचार करण्याचं कारण कायदा आहे. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक सायलेन्सरची सरकारदरबारी नोंद होते. बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, सगळं लागतं. तेव्हा ठरलेला 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, पण कागदपत्रं तशीच आहेत. डबा पसंत पडला नाही म्हणून मित्राला देऊन टाकला, असं चालत नाही. विकतानाही पुन्हा तीच प्रक्रिया. 'सॉल्व्हंट ट्रॅप' नावाने क्लीनिंग किट म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त नळ्यांच्या नादाला तर लागूच नये. मंजुरीशिवाय त्याचा सायलेन्सर केला तर तो केंद्रीय गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

अमेरिकेतल्या 42 राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर ठेवता येतो. उरलेल्या आठांत कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि इलिनॉय येतात, म्हणजे जिथे मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात तीच राज्यं. शिवाय एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूकच बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

आणि भारतात? आपल्या शस्त्र नियमांत बंदुकीचा आवाज कमी करणारी उपकरणं प्रतिबंधित शस्त्रांच्याच पहिल्या श्रेणीत टाकली आहेत. घरात परवान्याची बंदूक असली तरी त्या परवान्यावर सायलेन्सर घेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने 'येताना घेऊन येतो' म्हटलं, तर त्याला तिथेच थांबवा.